खेळात मुलांचा छळ रोखण्यासाठी प्रशिक्षकांचं पहिलं शिबिर कसं घ्यायचं

क्लबच्या कार्यकारिणीने "सगळ्या कोचना बालसुरक्षेचं प्रशिक्षण द्या" असं ठरवलं आणि ते काम तुमच्या गळ्यात पडलं, की पहिला मोह होतो तो एखादा वक्ता बोलावून दोन तासांचं व्याख्यान उरकण्याचा. स्लाइड दाखवून होतात, सह्या होतात, प्रमाणपत्रं वाटली जातात. पण कपडे बदलण्याच्या खोलीच्या दारात काही खटकणारं दिसलं, तर त्या क्षणी तोंडातून कोणतं वाक्य काढायचं, हे व्याख्यान ऐकून येत नाही. ते सरावाने येतं, आणि सरावाचं महत्त्व कोचला वेगळं पटवावं लागत नाही.

शिबिर कुणासाठी आहे हे आधी स्वतःशी स्पष्ट करा. ठरवून मुलांना जाळ्यात ओढणारा माणूस शिबिराने सुधारत नाही. तो पहिल्या रांगेत बसून टिपणंही काढेल. शिबिर बाकीच्यांसाठी असतं. काही कोच शिस्त म्हणून मुलांचा रोज पाणउतारा करतात आणि त्यात त्यांना वावगं वाटत नाही. काहींना शेजारचं वागणं खटकतं, पण बोलावं कसं आणि सांगावं कुणाला, हे ठाऊक नसतं. या दोन्ही गटांना बदलता येतं.

१. शिबिराच्या आधी तक्रारीची वाट आखा

ही पायरी हमखास वगळली जाते. शिबिर चांगलं झालं, तर त्याच दिवशी कुणीतरी तुम्हाला बाजूला घेऊन काहीतरी सांगतं. त्या वेळी "बघतो, कार्यकारिणीला विचारतो" असं म्हणावं लागलं, तर पुढे त्या क्लबमध्ये कुणी तोंड उघडणार नाही.

एका पानावर लिहा: तक्रार कुणाकडे करायची, किती वेळात, कोणत्या कागदावर, आणि तिथून ती कुठे जाईल. तक्रार घेणाऱ्या दोन व्यक्ती नेमा, त्यांत किमान एक स्त्री. दोघांपैकी कुणीही मुख्य प्रशिक्षक नसावा, अध्यक्षांचा नातेवाईकही नसावा. तक्रार या दोघांपैकी एकाविरुद्ध किंवा थेट अध्यक्षांविरुद्धच असेल तर कुठे जायचं, ही ओळ विसरू नका. पोलीस आणि बालमदतवाहिनीचा क्रमांक त्याच पानावर हवा.

ही वाट क्लबच्या आतच संपत नाही ना, हे तपासा. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात २००१ साली एका सहायकाने फुटबॉल संघाचा माजी प्रशिक्षक जेरी सँडस्की याला एका मुलासोबत शॉवरमध्ये पाहिलं आणि वरिष्ठांना सांगितलं. गोष्ट मुख्य प्रशिक्षकापासून वरच्या अधिकाऱ्यांपर्यंत चढत गेली, पण पोलिसांकडे कुणीच गेलं नाही. सँडस्कीला अटक झाली ती २०११ मध्ये. २०१२ मध्ये तो ४५ आरोपांत दोषी ठरला. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर याच्याबद्दल २०१५ च्या जूनमध्ये राष्ट्रीय संघटनेला कळलं होतं. तिने आधी स्वतःच चौकशी लावली आणि साधारण पाच आठवड्यांनी एफबीआयला कळवलं. तिथेही प्रकरण रेंगाळलं आणि तो २०१६ च्या उन्हाळ्यापर्यंत मिशिगन स्टेट विद्यापीठात रुग्ण तपासत राहिला.

खरं-खोटं ठरवणं हे क्लबचं काम नाही. क्लबने ऐकायचं, लिहायचं, योग्य यंत्रणेला कळवायचं आणि तोवर त्या व्यक्तीला मुलांपासून दूर ठेवायचं. हे दूर ठेवणं म्हणजे शिक्षा नव्हे, हे नियमावलीत आधीच लिहून ठेवा. प्रकरण उभं राहिल्यावर हा नियम करायला गेलात, तर तो त्या माणसाविरुद्धच केला असं दिसतं.

२. कायद्याचं अर्धं पान वकिलाकडून लिहून घ्या

इंटरनेटवरचा मजकूर चिकटवू नका. देशागणिक नियम वेगळे असतात. भारतात पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार अठरा वर्षांखालच्या मुलावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला देणं बंधनकारक आहे. न देणाऱ्याला शिक्षेची तरतूद कलम २१ मध्ये आहे आणि संस्थाचालकासाठी ती अधिक कडक आहे. अमेरिकेत २०१८ पासून लागू झालेला सेफ स्पोर्ट कायदा क्रीडा संघटनांशी जोडलेल्या प्रौढांना २४ तासांची मुदत देतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२२ पासून कोचने आपल्या हाताखालच्या सोळा-सतरा वर्षांच्या खेळाडूशी लैंगिक संबंध ठेवणं हा गुन्हा आहे, खेळाडूची संमती असली तरी.

कोचना कलमं पाठ करायला लावू नका. त्यांना तीनच गोष्टी पक्क्या हव्यात: मूल कुणाला म्हणायचं, कळवण्याचं बंधन कुणावर आहे, आणि किती वेळात.

३. कोण बसेल, किती वेळ

एका गटात बारा ते अठरा जण. त्याहून जास्त झाले की मागची रांग प्रेक्षक होते. एका दिवसात सहा तास कोंबण्यापेक्षा तीन-तीन तासांची दोन सत्रं घ्या, मध्ये एक आठवडा ठेवा. त्या आठवड्यात कोच मैदानावर जातात, नव्या नजरेने बघतात आणि खरे प्रश्न घेऊन परततात. घेणारे दोघे असावेत, एक स्त्री आणि एक पुरुष. एक जण बोलत असताना दुसऱ्याने चेहऱ्यांवर लक्ष ठेवायचं.

मुख्य प्रशिक्षक आणि सचिव पहिल्या मिनिटापासून बसले पाहिजेत. साहेब उद्घाटन करून निघून गेले, की हे सगळं खालच्यांसाठी आहे हा संदेश लगेच पोचतो. फक्त कोचच बोलावू नका. फिजिओ, मालिश करणारा, बसचालक, वसतिगृहाचा रेक्टर, संघ व्यवस्थापक, हौशी मदतनीस, मुलांशी ज्याचा ज्याचा संबंध येतो तो प्रत्येक जण हवा. नासर कोच नव्हता.

लागणारं सामान आणि कागद:
- तक्रारीची वाट (एक पान, प्रत्येकाला प्रत)
- कायद्याचं अर्धं पान
- आचारसंहिता, सहीसाठी दोन प्रती
- नोंदीचा कोरा फॉर्म, प्रत्येकी दोन
- प्रसंगांची बारा कार्डं, गटागणिक एक संच
- भूमिका-सरावाच्या चिठ्ठ्या
- बाजूची एक रिकामी खोली आणि तिथे बसू शकेल असं एक शांत माणूस

४. सुरुवातीची पाच मिनिटं

समोर बसलेल्यांपैकी काहींनी लहानपणी हे सोसलेलं असू शकतं. सुरुवातीलाच सांगा: विषय जड आहे, कुणीही कधीही कारण न देता बाहेर जाऊ शकतं, बाजूच्या खोलीत अमुक व्यक्ती आहे. "कुणाला स्वतःचा अनुभव सांगायचाय का?" असं कधीही विचारू नका. कुणी आपणहून सांगू लागलंच, तर आदराने थांबवा आणि मधल्या सुट्टीत एकट्याने ऐका. चालू प्रकरणांची नावं या खोलीत घ्यायची नाहीत, हा नियमही आत्ताच सांगा.

५. बारा कार्डं आणि तीन ढीग

छळाचे चार प्रकार सांगायला दहा मिनिटं पुरतात: शारीरिक, मानसिक, लैंगिक आणि दुर्लक्ष. चौथा बहुतेकांना नवा वाटतो. दुखापत असताना खेळवणं, उन्हात पाणी न देणं, रात्री उशिरा मुलाला एकटं घरी सोडणं, हे सगळं त्यात येतं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या २०१६ च्या सहमती निवेदनाने मानसिक छळाला बाकीच्या प्रकारांचं प्रवेशद्वार मानलं आहे. अपमान गिळायची सवय लागलेलं मूल पुढचंही गिळतं, म्हणून वेळ मानसिक छळावर जास्त घालवा. अनेक शिबिरं लैंगिक अत्याचारावरच थांबतात आणि समोरचा कोच "मी तसला नाही" म्हणून निर्धास्त होतो.

मग चौघाचौघांचे गट करा आणि कार्डं हिरवं, पिवळं, लाल अशा तीन ढिगांत लावायला सांगा. कार्डांवर असे प्रसंग लिहा:
- हरल्यावर सगळ्या संघाला दहा फेऱ्या
- सगळ्यांसमोर वजन करून आकडा मोठ्याने वाचणं
- वजनगटात बसण्यासाठी स्पर्धेच्या आदल्या दिवशी पाणी बंद
- स्ट्रेचिंग करताना मूल रडत असताना पाठीवर दाब देणं
- एकाच खेळाडूला रोज गाडीतून घरी सोडणं
- सराव सोडायचा म्हणणाऱ्याला "तुझ्यात दमच नाही" म्हणणं
- मांडीचा स्नायू आखडल्यावर कोचने बंद खोलीत मालिश करणं
- सामना जिंकल्यावर मिठी मारणं

उरलेली चार तुमच्या खेळातून घ्या. पोहण्यात, कुस्तीत आणि बॅडमिंटनमध्ये धोक्याच्या जागा वेगवेगळ्या असतात.

लाल ढिगावर फारसा वाद होत नाही. खरी चर्चा पिवळ्यावर होते. घाईने निकाल देऊ नका. चार प्रश्न फळ्यावर लिहा आणि कार्ड त्यांतून काढायला सांगा. याने कुणाची गरज भागते, मुलाची की कोचची? मूल "नको" म्हणू शकतं का? हे पालकांसमोर करता येईल का? हे एकाच मुलाबाबत होतंय का? मिठीचं कार्ड अशाने कधी हिरव्यात जातं, कधी पिवळ्यात, आणि तसंच जायला हवं.

वजन आणि स्ट्रेचिंगच्या कार्डांवर "आमच्या खेळात हे चालतंच" असं कुणीतरी म्हणणारच. ब्रिटिश जिम्नॅस्टिक्सवरचा व्हाइट अहवाल २०२२ चा आहे. त्याला ४०० हून अधिक निवेदनं मिळाली. त्यात अति ताणणं, वजनावरून हिणवणं, पाणी आणि स्वच्छतागृह नाकारणं अशाच गोष्टी पुन्हा पुन्हा आल्या. तिथेही हे वर्षानुवर्षं चालतच होतं.

६. ग्रूमिंग शिकवताना संशयितांची यादी बनवू नका

ग्रूमिंग म्हणजे मुलाला आणि त्याच्या भोवतीच्या मोठ्यांना हळूहळू तयार करणं. क्रम बहुधा असा दिसतो: एकटं पडलेलं किंवा फार महत्त्वाकांक्षी मूल हेरणं, घरच्यांचा विश्वास मिळवणं, खास वागणूक आणि भेटी, इतरांपासून तोडणं, छोटी गुपितं, सीमा चाचपणं (चावट विनोद, नको तिथे स्पर्श, रात्रीचे मेसेज), आणि शेवटी "सांगितलंस तर तुझं करिअर संपलं". खेळात हे सोपं जातं, कारण निवड कोचच्या हातात असते, प्रवास असतो, शरीराला हात लावणं कामाचाच भाग असतो, आणि घरचे कोचचे उपकार मानत असतात.

इथे हमखास चूक होते: कोच यातून "असा माणूस कसा दिसतो" याची यादी मनात करतात. लाजरा, एकटा राहणारा, विक्षिप्त. पॉल हिक्सन १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनच्या जलतरणपटूंचा प्रशिक्षक होता. १९९५ मध्ये बलात्कार आणि अत्याचाराच्या गुन्ह्यांत त्याला १७ वर्षांची शिक्षा झाली. नाव, पद, पदकं सगळं होतं. म्हणून माणूस ओळखायला शिकवू नका, वागणूक ओळखायला शिकवा. नियम मोडणारा कितीही लाडका असो, नियम मोडला एवढंच नोंदवायचं.

७. रोजचे नियम

आचारसंहितेत "सभ्यपणे वागावे" असली वाक्यं कुचकामी. नियम असा हवा की मोडला की मोडलेला दिसेल.

एकास एक: मुलासोबत असताना दुसऱ्या मोठ्या माणसाला दिसेल आणि मध्ये येता येईल अशीच जागा. एकच कोच असलेल्या छोट्या क्लबमध्ये हा नियम पहिल्याच आठवड्यात गळून पडतो. तिथे पालकांची पाळी लावा. रोज एक पालक सरावाच्या जागी शेवटपर्यंत. कॅमेरा हा पर्याय नाही, कारण त्याकडे त्या वेळी कुणी बघत नसतं.

स्पर्श: पूर्ण बंदी घालू नका. पोहायला किंवा जिम्नॅस्टिक्स शिकवताना हात लावावाच लागतो आणि अशी बंदी सगळेच मोडतात. मग बाकीचे नियमही सैल होतात. क्रम ठरवून द्या: आधी सांगा कुठे आणि कशासाठी, विचारा, मग हात लावा, काम झालं की काढा. प्रात्यक्षिक करून किंवा व्हिडिओने भागत असेल तर तेच करा. हे दोघादोघांत प्रत्यक्ष करवून घ्या. "आता खांद्याला हात लावून कोन दाखवतो, चालेल?" हे वाक्य पहिल्यांदा म्हणताना सगळे अवघडतात, पाचव्यांदा नाही.

मेसेज: ज्यात पालकही आहेत अशाच ग्रुपवर. मुलाने खाजगी मेसेज केलाच, तर उत्तर ग्रुपवर किंवा पालकांना जोडून. आपोआप पुसले जाणारे मेसेज बंद.

प्रवास आणि मुक्काम: मोठा माणूस मुलांच्या खोलीत झोपणार नाही. खोलीत जायचं तर दोघांनी, दार वाजवून, दार उघडं ठेवून. गाडीत एकटं मूल नको. नाइलाज झाला तर निघताना आणि पोचल्यावर पालकांना फोन.

कपडे बदलण्याची खोली: मोबाइल बाहेर, मोठे आणि मुलं एका वेळी आत नाहीत.

८. मूल सांगायला येतं तेव्हा

दुसऱ्या सत्रातला निम्मा वेळ इथे द्या. तिघातिघांचे गट करा: एक कोच, एक निरीक्षक, आणि मुलाची भूमिका शक्यतो शिबिर घेणाऱ्यांपैकी एकाने. चिठ्ठीवर फक्त सुरुवातीचं वाक्य असावं, उदाहरणार्थ "सर, मला त्या सरांच्या गाडीतून नाही जायचं." रडण्याचा अभिनय नको, अत्याचाराचं वर्णन नको. चार मिनिटं प्रसंग, चार मिनिटं निरीक्षकाचं बोलणं.

कोचने काय म्हणायचं:
- "सांगितलंस ते बरं केलंस."
- "यात तुझी काही चूक नाही."
- "हे मी माझ्यापुरतं ठेवू शकत नाही, पण ज्यांना सांगायला हवं त्यांनाच सांगेन."
- "पुढे सांगावंसं वाटत असेल तर सांग."

काय म्हणायचं नाही: "नक्की का?", "मग तेव्हाच का नाही सांगितलंस?", "त्यांनी तुला इथे हात लावला का?" शेवटचा प्रश्न सगळ्यांत घातक. उत्तर तुम्हीच मुलाच्या तोंडात घातलं असं पुढे न्यायालयात म्हटलं जातं. घटना समजण्यापुरतं ऐकायचं, उलटतपासणी करायची नाही. "कुणालाच सांगणार नाही" हे वचन सरावात जवळजवळ प्रत्येक कोच देतो, तेही चांगल्या मनाने. निरीक्षकाला खास तेवढंच टिपायला सांगा.

त्यानंतर: ज्याच्यावर आरोप आहे त्याला फोन करायचा नाही. पालकांना कळवण्याआधी, आरोप घरातल्याच माणसावर तर नाही ना, हे पाहायचं. घटना ताजी असेल तर अंघोळ आणि कपडे धुण्याआधी वैद्यकीय मदत. मूल लगेच धोक्यात असेल तर क्लबची वाट बाजूला ठेवून थेट पोलीस.

नोंद तासाभरात, हाताने, मुलाच्याच शब्दांत. मूल जो शब्द वापरेल तोच लिहायचा, सभ्य शब्दात बदलायचा नाही. फॉर्मवर तारीख, वेळ, जागा, कोण हजर होतं, मूल काय म्हणालं, तुम्ही काय म्हणालात, कुणाला कधी कळवलं आणि सही. स्वतःचं मत लिहायचंच असेल तर वेगळ्या चौकटीत. सरावात प्रत्येकाकडून एक फॉर्म भरून घ्या आणि तिथेच तपासा. "मुलगी घाबरलेली वाटली" ऐवजी "हात थरथरत होते, खाली बघून बोलत होती" असं हवं.

९. शेजारच्या कोचला थांबवायची वाक्यं

मोठ्या तक्रारींपेक्षा कितीतरी जास्त वेळा छोटं काहीतरी दिसतं. ज्युनियर कोचची अडचण अशी की समोरचा त्याचा गुरू असतो. म्हणून आरोप न करता मध्ये पडता येईल अशी वाक्यं तयार हवीत: "सर, मीही थांबतो, दार उघडंच ठेवू." "याला मी सोडतो, तुम्ही निघा." "आता पुरे सर, पाणी पिऊ दे त्याला." प्रत्येकाने ही मोठ्याने, उभं राहून म्हणायची. मुख्य प्रशिक्षकाला त्या गुरूच्या भूमिकेत बसवा आणि त्याने "बरं, ठीक आहे" एवढंच म्हणायचं. सगळ्यांसमोर त्याने हे ऐकून घेतलं, की ज्युनियरांना मिळणारी परवानगी कुठल्याही परिपत्रकापेक्षा मोठी असते.

अशा छोट्या गोष्टींसाठी वेगळी, साधी नोंदवही ठेवा, तक्रार घेणाऱ्या दोघांच्याच ताब्यात. एकेक नोंद क्षुल्लक असते; एकाच नावाच्या चार नोंदी तशा राहत नाहीत.

१०. ठरलेले आक्षेप

"आम्ही मार खाऊनच घडलो." उत्तर द्यायच्या फंदात न पडता विचारा: तुमच्याबरोबर सुरू केलेल्या किती जणांनी खेळ सोडला? जे टिकले तेच इथे बसलेत.

"मुलं खोटी तक्रार करतील." सातव्या पायरीतले नियम पाळणारा कोच कधी एकांतात सापडतच नाही, नियम त्यालाही वाचवतात. तपास करणारी यंत्रणा वेगळी आहे, हे पुन्हा सांगा.

"मग शिस्त कशी लावायची?" हा आक्षेप प्रामाणिक असतो, त्याला पर्याय द्या. उशीर झाला तर साहित्य आवरण्याचं काम, बेशिस्तीला ठरावीक वेळ बाकावर, नियम हंगामाच्या सुरुवातीला मुलांसोबत बसून ठरवलेले. व्यायाम शिक्षा म्हणून वापरला तर मूल त्या व्यायामाचाच तिरस्कार करायला लागतं, हे कोणत्याही कोचला पटतं.

११. शिबिरानंतर

शेवटी लेखी परीक्षा नको. दोन प्रसंग द्या, पुढचं पाऊल लिहायला सांगा. ज्याने "आधी त्या कोचशी बोलेन" लिहिलं त्याच्याशी त्याच दिवशी बोला. आचारसंहितेवर सही घ्या, एक प्रत त्याच्याकडे.

सहा आठवड्यांच्या आत न सांगता सरावाला जा: दारं, मेसेजचे ग्रुप, पालकांची पाळी बघा. दर तीन महिन्यांनी वीस मिनिटांत एक नवं कार्ड, वर्षातून एकदा पूर्ण सत्र. मुलांना आणि पालकांनाही हेच नियम सोप्या भाषेत सांगा आणि तक्रार घेणाऱ्यांचे फोटो त्यांना दिसतील तिथे लावा. मोडलेला नियम सगळ्यांत आधी मुलांनाच दिसतो. ऑनलाइन कोर्स माहितीसाठी ठीक, सरावाची जागा ते घेत नाहीत.

हंगामाच्या मध्येच नवा कोच आला तर पुढच्या शिबिराची वाट बघू नका. आधीच्या क्लबला फोन करून थेट विचारा, "याला पुन्हा मुलांसोबत ठेवाल का?" आणि उत्तराआधी शांतता पसरली तर तीही नोंदवा. मग एक तास बसवून तक्रारीची वाट, रोजचे नियम आणि फॉर्म समजावून द्या. सही झाल्याशिवाय शिट्टी हातात द्यायची नाही.